घरी डिमेन्शियाचा पेशंट आणि ब्युरोची मावशी: हे सगळं बसवायचं कसं

आधी एक समज डोक्यातून काढून टाका, की ब्युरोला, म्हणजे घरी पेशंट सांभाळायला माणूस पाठवणाऱ्या एजन्सीला, फोन केला, "डिमेन्शियाची सवय असलेली बाई पाठवा" म्हटलं की काम झालं. ब्युरो जी पाठवतो ती बहुतेक वेळा डायपर, आंघोळ, जेवण एवढं जमणारी, कष्टाळू, पोटासाठी गावाकडून आलेली बाई असते, आणि "डिमेन्शियाचे पेशंट केलेत का" विचारलं की ती हो म्हणणारच, नाही म्हटलं तर काम जाईल ना तिचं. पण डायपर बदलता येणं वेगळं आणि जो माणूस सकाळपासून तेच ते विचारतोय त्याला दुपारी पण न चिडता उत्तर देणं वेगळं. मी जीएनएम (जनरल नर्सिंगचा डिप्लोमा केलेली) नर्स आहे, हॉस्पिटल सोडल्यापासून पुण्यात लोकांच्या घरी जाऊन अटेंडंटना शिकवायचं आणि त्यांच्या कामावर लक्ष ठेवायचं हेच करते, आणि माझं मत आता पक्कं झालंय की चांगली मावशी आयती मिळत नाही, ती त्या घरात तयार होते. ब्युरो दोन हात पाठवतो, तुमच्या आईबद्दलची माहिती त्या हातांना तुम्हीच द्यायची असते. ती कशी द्यायची तेच खाली लिहितेय, लांबलंय थोडं, सांभाळून घ्या.

आणि हे तुमच्या एकट्याच्या घरातलं नाहीये. २०२३ मध्ये लासी-डॅड नावाच्या मोठ्या अभ्यासाचे आकडे आले, त्यात भारतात साठीच्या पुढच्या लोकांत ७.४ टक्के म्हणजे साधारण ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे. बहुतेक सगळे घरीच असतात, कारण आपल्याकडे डिमेन्शियासाठीची सेंटर्स मोजकी, आणि आईला बाहेर ठेवलं म्हटलं की नातेवाईक काय बोलतात ते तुम्हाला माहितीच आहे.

बाई शोधायच्या आधी

डॉक्टरांकडून दोन गोष्टी स्पष्ट करून घ्या. एक म्हणजे व्हिटॅमिन बी-ट्वेल्व, थायरॉइड, सोडियम हे तपासून झालंय का, कारण हे कमी-जास्त असलं तरी विसराळूपणा आणि गोंधळ होतो आणि त्याला औषध आहे, त्याच्यासाठी चोवीस तासांची बाई लागत नाही. दुसरं म्हणजे डिमेन्शिया नेमका कुठला. लोक म्हणतात सगळं अल्झायमरच, काय फरक पडतो, पण पडतो. लेवी बॉडी नावाचा प्रकार असेल तर पेशंटला नसलेली माणसं, मुलं, मांजरं दिसतात, चालीत कडकपणा येतो, आणि या लोकांना हॅलोपेरिडॉलसारखी शांत करायची औषधं खूप वाईट लागू शकतात. म्हणजे रात्री आरडाओरडा झाला आणि कॅज्युअल्टीत नेलं तर तिथल्या ड्युटी डॉक्टरला हे सांगणारं कोणीतरी पाहिजे, आणि रात्री दोन वाजता सोबत बहुतेक ती मावशीच असणार. म्हणून फाईलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. फ्रंटोटेम्पोरल नावाचा प्रकार असेल तर विसरण्यापेक्षा वागणं बिघडतं, चारचौघात काहीही बोलणं, शिव्या, कपडे काढणं, तर तिथे मावशीला आधीच सांगितलं नाही तर ती दुसऱ्या दिवशी बॅग उचलून जाते, आणि तिचं काही चुकत नाही त्यात.

मग स्वतःशी ठरवा की तुम्हाला नक्की काय पाहिजे. पेशंट चालतोय-फिरतोय, फक्त एकटं सोडता येत नाही, तर साधी बारा तासांची मावशी किंवा मामा (पुरुष अटेंडंट) बास. उचलून बसवायचंय, डायपर आहे, तर जीडीए केलेली अटेंडंट बघा, जीडीए म्हणजे जनरल ड्युटी असिस्टंटचा कोर्स. इंजेक्शन, कॅथेटर म्हणजे लघवीची नळी घालणं, नाकातून पोटात जाणारी राईल्स ट्यूब बदलणं, खोल जखमेचं ड्रेसिंग ही नर्सची कामं, त्याला जीएनएम किंवा एएनएम (नर्सिंगचा छोटा कोर्स केलेली) नर्सच पाहिजे आणि तिचं महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन बघायला मागा, लाजू नका. बऱ्याच ठिकाणी पांढरा ॲप्रन घातला की सगळ्याच 'सिस्टर' होतात आणि बिलही सिस्टरचंच लागतं. उलटं पण होतं, की पेशंट ठणठणीत चालतोय आणि घरचे घाबरून महागडी नर्स ठेवतात, ती बिचारी दिवसभर मोबाईल बघत बसते कारण तिला करायला कामच नसतं, तिथे गप्पा मारणारी, भाजी निवडायला सोबत बसवणारी मावशी दहापट बरी.

पुरुष पेशंटला शक्यतो मामा ठेवा, विशेषतः आंघोळ घालायची असेल तर. आणि भाषा बघा. डिमेन्शियात मागाहून शिकलेल्या भाषा आधी जायला लागतात, ज्या आजींनी आयुष्यभर बँकेत इंग्लिशमध्ये काम केलं त्या आता फक्त मालवणीत बोलतात असं होतं, तिथे फक्त हिंदी बोलणारी मुलगी कितीही चांगली असली तरी आजींचं निम्मं बोलणं तिच्या डोक्यावरून जाणार.

ब्युरोशी बोलताना पैसे सोडून हे विचाराच: बाई आवडली नाही तर किती दिवसांत बदलून देणार, सुट्टीच्या दिवशी बदली बाई कोण देणार, रजिस्ट्रेशन फी परत मिळते का, आणि तुम्ही देता त्यातले बाईच्या हातात किती पडतात. शेवटच्या प्रश्नाला बरेच ब्युरोवाले उडवून लावतात, पण विचारा, कारण जिच्या हातात कमी पडतात ती पुढच्या महिन्यात जास्त देणाऱ्याकडे जाते आणि तुमच्या आईला परत नवा चेहरा. आधार कार्डची कॉपी घ्या, फोटो घ्या, गावाकडचा एक नंबर घ्या आणि पोलीस व्हेरिफिकेशन करून घ्या, "ब्युरोने केलंय" यावर जाऊ नका, कागद दाखवा म्हणा.

पहिला दिवस

सगळ्यात जास्त ठिकाणी गाडी इथेच अडते. मुलगा आईसमोर बाईला उभी करतो आणि सांगतो, "आई, ही तुझी काळजी घ्यायला आलीय", आणि आई म्हणते मला काय झालंय, मला कशाला बाई पाहिजे, घालव तिला. बरोबरच आहे की, तिच्या मते तिला काही झालेलंच नाहीये, हा आजाराचाच भाग आहे, हट्ट नाही तो. त्यामुळे ओळख अशी करून द्या की आईचा मान राहील. "आई, ह्या ताईंना तुझ्या हातचं लोणचं शिकायचंय", किंवा "मला गुडघ्यामुळे काम होत नाही म्हणून मदतीला ठेवलीय", किंवा सरळ "माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीची बहीण आहे, चार दिवस राहणारे". कोणी म्हणेल हे खोटं बोलणं आहे. असेल, पण खरं सांगून रोज रडवण्यापेक्षा मला हे चालतं.

पहिले दोन-तीन दिवस घरातल्या कोणीतरी सोबत राहा, रजा टाका, वर्क फ्रॉम होम घ्या, काहीही करा पण राहा. पहिल्या दिवशी मावशीने पेशंटला हात पण लावायचा नाही, फक्त समोर बसायचं, चहा घ्यायचा, बोलायचं. दुसऱ्या दिवशी तुम्ही करता ते तिने बघायचं. तिसऱ्या दिवशी तिने करायचं आणि तुम्ही दाराशी उभं राहायचं. जे लोक सकाळी आठला बाई आली की साडेआठला ऑफिसला पळतात त्यांच्याकडे संध्याकाळपर्यंत काहीतरी राडा झालेलाच असतो.

वही

आता खरी ट्रेनिंग. एक दोनशे पानी वही आणा आणि पहिल्या चार-पाच पानांत तुमच्या माणसाबद्दल लिहा, आजाराबद्दल नाही, माणसाबद्दल. हाक काय मारायची (अक्का, नाना, मास्तर, मॅडम, जी हाक ऐकून ते वळतात ती), नोकरी काय केली, गाव कुठलं, भावंडं किती आणि कोण गेलंय कोण आहे, देव कुठला, आंघोळ आधी की चहा आधी, चहा कपात की फुलपात्रात, कुठल्या विषयावर बोललं की खुलतात आणि कुठला विषय चुकूनही काढायचा नाही. नवरा जाऊन दहा वर्षं झालीत आणि आजी विचारतात "हे कुठे गेले", तर मावशीने काय उत्तर द्यायचं हे तुम्ही ठरवून लिहून द्यायचं. कारण एका मावशीने "ते वारले ना आजी" म्हटलं तर आजींसाठी ती बातमी आत्ता पहिल्यांदा आलेली असते, त्या तशाच रडतात, आणि तासाने परत विचारतात.

हे का एवढं महत्त्वाचं ते एका घरातलं सांगते. एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर आजोबा, रोज संध्याकाळी पाचच्या सुमाराला उठायचे, शर्ट घालायचे आणि "ड्युटीला जायचंय, गाडी लागली असेल" करत दाराला झोंबायचे. आधीचा अटेंडंट दार अडवून उभा राहायचा, "बाबा तुम्ही रिटायर झालात", मग धक्काबुक्की, एकदा त्याचा हातच चावले. नंतर जो मामा आला त्याला मुलीने सगळी नोकरी समजावून सांगितली होती, डेपो कुठला, रूट कुठला. तो पाच वाजले की म्हणायचा, "साहेब, कंट्रोलरचा निरोप आलाय, गाडी वर्कशॉपला गेलीय, तासभर उशीर आहे, तोवर कॅश जुळवून घेऊ". आणि चिल्लरचा डबा पुढे ठेवायचा. आजोबा पाचाची वेगळी, दोनाची वेगळी, एकची वेगळी अशा चळती लावत बसायचे, मध्ये एखाद्या नाण्याला नखाने टोकरून बघायचे, परत मोजायचे, साडेसहाला वरण-भात जेवायचे, आणि ड्युटी विसरायचे. यात एक गोळी वाढवली नाही कोणी.

वहीची बाकीची पानं रोजच्या नोंदींसाठी: किती खाल्लं, पाणी किती, संडास झाली का, झोप किती, चिडचिड कधी झाली आणि त्याच्या आधी काय झालं होतं. हे 'त्याच्या आधी काय' फार कामाचं असतं. पंधरा दिवसांची पानं चाळली की कळतं की अरे, समोरच्यांच्या घरी ड्रिलिंग असतं त्या दिवशीच आई बिथरते, किंवा संडास तीन दिवस झाली नाही की चौथ्या दिवशी मारामारी. मावशीला लिहिता येत नसेल तर खुणांचा तक्ता करा नाहीतर व्हॉट्सॲपवर व्हॉइस नोट टाकू दे, पण नोंद पाहिजेच.

आंघोळ

डिमेन्शियाच्या घरात सगळ्यात जास्त भांडणं बाथरूममध्ये होतात, म्हणून जरा सविस्तर सांगते. पेशंटच्या बाजूने बघा ना, एक अनोळखी बाई येते, कपडे काढायला लागते, डोक्यावर पाणी ओतते, थंडी वाजते, फरशी ओली, तोल जातो. कोण ओरडणार नाही?

तर आधी बाथरूम गरम करा, म्हणजे बादलीत गरम पाणी सोडून दार लावून पाच मिनिटं वाफ होऊ द्या. टॉवेल, कपडे, साबण, डायपर सगळं आधीच हाताशी, मध्येच "अगं टॉवेल आण" करायचं नाही, ओल्या माणसाला एक क्षण पण एकटं सोडायचं नाही. प्लास्टिकचं स्टूल नको, ते सरकतं, पाठ आणि हात असलेली, खाली रबर असलेली खुर्ची घ्या, मेडिकलवाल्याकडे मिळते. "आंघोळ करायची का?" असं विचारू नका, उत्तर नाहीच येणार. "चला, तेल लावू या, आज सोमवार" असं काहीतरी. तेल लावणं हा आपल्याकडचा हुकमी एक्का आहे, आधी बाहेर खोलीतच हातापायाला कोमट तेल चोळा, अंग सैल पडतं, माणूस सैल पडतो, मग आत न्या.

पाण्याचा अंदाज कोपराने घ्या. पहिला तांब्या पायावर, मग गुडघे, मग हात, त्यांच्याच हातात तांब्या द्या, स्वतःचं स्वतः ओततात कधीकधी, जुनी सवय हाताला आठवते. डोक्यावरून पाणी सगळ्यात शेवटी, आणि रोज नको, आठवड्यातून दोनदा केस धुतले तर काही बिघडत नाही. शॉवर शक्यतो नको, वरून अचानक पडणाऱ्या पाण्याने दचकतात. पूर्ण उघडं करू नका, मांडीवर, खांद्यावर टॉवेल राहू दे, टॉवेलच्या खालून साबण लावता येतो, टॉवेल भिजला तर भिजला. मावशीने सारखं बोलत राहायचं, आता पाठ धुते हं, आता डावा पाय. आणि डोळे उघडे ठेवायचे: माकडहाड, टाचा, मांड्यांच्या सांध्यात, छातीच्या खाली लाल झालंय का, कुठे खरचटलंय का, हे बघायची दिवसातली सगळ्यात चांगली वेळ हीच. दाबून पण न जाणारा लाल डाग दिसला की त्याच दिवशी सांगायचं. पेशंट पडून असेल तर दर दोन तासांनी कूस बदलायची, एअर बेड आणलाय म्हणून हे सुटत नाही, दुकानदार काहीही सांगू दे.

आणि नाहीच म्हणाले तर सोडून द्या. अर्ध्या तासाने परत विचारा, नाहीतर ओल्या कापडाने पुसून घ्या. एक दिवस बिन-आंघोळीचं राहून कोणी मेलं नाहीये, ओढाताणीत पडून खुबा मोडलेले मी बरेच बघितलेत.

संध्याकाळ

दिवेलागणीच्या वेळी घालमेल वाढते, "मला घरी जायचंय" सुरू होतं, स्वतःच्याच घरात बसून. "अगं हेच तुझं घर" असं पटवायला जाऊ नका, ते घर म्हणजे बहुतेक माहेर असतं, किंवा नुसतं 'इथे बरं वाटत नाहीये' एवढंच सांगायचं असतं. मावशीला शिकवा: आधी हो म्हणायचं, मग त्या घराबद्दल विचारायचं, मग दुसरीकडे वळवायचं. "जाऊ या की, तुमच्या घरी कोण कोण असतं? विहीर आहे का? बरं चहा घेऊन निघू". उजेड कमी व्हायच्या आधीच सगळे दिवे लावा, पडदे ओढा कारण काचेत स्वतःचं प्रतिबिंब बघून कोणीतरी बाहेर उभंय असं वाटतं, टीव्हीवरच्या भांडणाच्या सिरियल आणि बातम्या बंद, त्याऐवजी रेडिओ, हरिपाठ, जुनी गाणी, जे त्यांना आवडायचं ते. शब्द विसरलेली माणसं पण रामरक्षा अख्खी म्हणतात. दुपारी दोन-दोन तास झोपू देऊ नका, आणि सकाळचं ऊन अंगावर घ्यायला गॅलरीत बसवा.

बांगड्या कोणी चोरल्या

हे होणारच आहे, त्यामुळे आधीच तयारी करा. आई पाटल्या उशीच्या अभ्र्यात ठेवणार, विसरणार, आणि मग "ह्या बाईनेच घेतल्या". डिमेन्शियात हे फार कॉमन आहे, आणि इथे घरच्यांची परीक्षा असते. दोन टोकं दिसतात, एक तर मुलगा थेट मावशीची पिशवी तपासतो, नाहीतर आईला ओरडतो की काहीतरी बरळू नको. दोन्ही नको. मावशी यायच्या आधीच खरं सोनं लॉकरला टाका, हातात बेन्टेक्सच्या बांगड्या घाला, पर्समध्ये दहाच्या नोटा ठेवा. महागाच्या वस्तूंचे फोटो काढून ठेवा. आणि मावशीला पहिल्याच दिवशी सांगा की तुमच्यावर आळ येईल, तो आजाराचा आहे, आम्ही तुमच्यावर शंका घेणार नाही. ती वेळ आली की मावशीने म्हणायचं, "अरे बापरे, चला आपण दोघी शोधू". लपवायच्या जागा ठरलेल्या असतात, तांदळाचा डबा, देवघराच्या मागे, गादीखाली, त्याची यादी वहीत.

पण याचा अर्थ पेशंट सांगतो ते सगळंच खोटं असाही नाही. "ती मला मारते" असं म्हणाले तर ते भ्रम म्हणून सोडून देऊ नका. दंडावर बोटांचे वळ, दिवसा नको एवढी गुंगी, विशिष्ट माणूस खोलीत आला की अंग चोरून घेणं, वजन उतरणं, हे बघा. गोळ्यांच्या स्ट्रिप मोजा, झोपेच्या गोळ्या कुलपात, रोजच्या गोळ्या डबीत काढून तुम्हीच द्या. तक्रार कुठे करायची कळत नसेल तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही सरकारी एल्डरलाइन आहे.

जेवण, दार, रात्र

घास तोंडात धरून बसणं, पाणी पिताना ठसका, जेवल्यावर आवाज घोगरा ओला येणं ही गिळायला त्रास असल्याची खूण आहे. ताठ बसवूनच भरवायचं, लहान घास, आधीचा गेला का बघून दुसरा, जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. सुके पोहे, चुरमुरे, शेंगदाणे, फुटाणे बंद. हाताने उचलून खाता येईल असं द्या, इडली, मऊ थालीपीठाचे तुकडे, केळं, ताटलीत पाच पदार्थ वाढले की गोंधळतात, एका वेळी एकच. भरवणाऱ्याने उभं राहून भरवायचं नाही, समोर बसायचं.

बाथरूमची आतली कडी काढून टाका, गॅस रेग्युलेटर रात्री बंद, फिनेल आणि ॲसिड वरच्या कपाटात, मेन डोअरला खालून हात पोचणार नाही अशी वर एक कडी आणि उघडलं की वाजणारी बेल. गळ्यात किंवा खिशात नाव आणि दोन फोन नंबर असलेलं कार्ड. वॉचमन, इस्त्रीवाला, कोपऱ्यावरचा रिक्षा स्टँड, या लोकांना सांगून ठेवा, लपवू नका. कोणी निघून गेलंच तर चोवीस तास थांबायचं वगैरे काही नसतं, लगेच ११२ ला फोन आणि पोलीस स्टेशन, अलीकडचा फोटो मोबाईलमध्ये तयार पाहिजे.

अचानक बिघडलं तर

डिमेन्शिया महिन्या-महिन्यांनी हळूहळू वाढत जातो. कालपर्यंत ओळखत होते आणि आज सकाळपासून बरळतायत, किंवा एकदम सुस्त पडलेत, तर तो "आजार वाढला" नाही, काहीतरी नवीन झालंय. लघवीचं इन्फेक्शन, न्यूमोनिया, सोडियम उतरणं, संडास कोंडणं, परवा पडले होते तेव्हा डोक्याला लागलेलं, नाहीतर सर्दीची किंवा खाजेची साधी वाटणारी गोळी, यातल्या काही गोळ्यांनी म्हाताऱ्या माणसांचा गोंधळ फार वाढतो. मावशीला एवढं एकच पाठ करून घ्या: एका दिवसात बदल दिसला की संध्याकाळची वाट बघायची नाही, लगेच फोन.

आणि एक, शांत करायच्या गोळ्या. क्विटियापिन, रिस्पेरिडोन ही औषधं कधीकधी खरंच लागतात, पण डिमेन्शियाच्या वयस्कर पेशंटमध्ये त्यांनी मृत्यूचा धोका वाढतो असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २००५ मध्येच दिलाय. त्यामुळे चालू करताना डॉक्टरांना विचारा, किती दिवस आणि परत बघायचं कधी. मावशीच्या सोयीसाठी डोस वाढतोय असं वाटलं तर तुम्हाला गोळी नाही, दुसरी मावशी हवीय. स्वतःच्या मनाने एकदम बंद पण करू नका.

तिचीही सोय

चोवीस तासांची बाई म्हणजे चोवीस तास जागी बाई नव्हे. पेशंट रात्रभर उठत असेल तर दिवसाची वेगळी रात्रीची वेगळी अशा दोन माणसांचा खर्च धरा, नाहीतर घरच्यांनी आठवड्यातल्या काही रात्री वाटून घ्या. सलग रात्री न झोपलेला माणूस चिडतोच, तो मग पेशंटवर हात उचलतो, आणि आपण म्हणतो बाई वाईट निघाली.

तिला झोपायला गादी, कपडे ठेवायला कप्पा, दुपारी दोन तास पडायला वेळ, आठवड्याची सुट्टी, आणि जेवण तेच जे घरात शिजतं. हे मला लिहावं लागतंय कारण अजूनही चांगल्या शिकलेल्या घरांत वेगळा कप आणि कालची भाजी बघते मी, आणि "कुठल्या समाजाची आहे" हा प्रश्न तर फोनवरच येतो. ज्या बाईच्या हातून तुमच्या आईचं शी-शू होणार तिच्या हातचं पाणी चालत नसेल तर मी पुढे बोलतच नाही त्या घराशी. शिवाय कामाची हद्द ठरवा, पेशंटचे कपडे, खोली, जेवण एवढं तिचं, सगळ्या घराची भांडी आणि पोळ्या तिच्यावर टाकल्या की पेशंट टीव्हीसमोर एकटा. उचलताना दंडाला धरून ओढायचं नाही, पेशंटचा खांदा जातो आणि तिची कंबर, हे फिजिओथेरपिस्टला एकदा घरी बोलावून दोघांना दाखवून घ्या, एका व्हिजिटचे पैसे वसूल होतात.

कॅमेरा लावायचा तर लावा, हॉलमध्ये आणि पेशंटच्या खोलीत, पण तिला सांगून, आणि कपडे बदलायच्या जागी नाही. न्यू जर्सीत बसून दिवसभर फुटेज बघणारी मुलं असतात आणि दर तासाला फोन, "मावशी आईचा पाय असा का ठेवलाय". त्यापेक्षा रोज ठरलेल्या वेळी एक व्हिडिओ कॉल, आणि इथल्या कोणीतरी, मावसभाऊ, शेजारी, कोणीही, आठवड्यातून एकदा न सांगता डोकवायचं.

सुट्ट्यांचं आधीच बोलून घ्या. गणपती, दिवाळी, गावची जत्रा, मे महिन्यातली लग्नं, पेरणी, या वेळी मावश्या गावाला जाणारच आणि त्याच वेळी ब्युरोकडे पण कोणी नसतं. महिनाभर आधी तारीख विचारा, बदलीची बाई जुनी असतानाच दोन दिवस आणून सोबत ठेवा म्हणजे पेशंटला चेहरा ओळखीचा होतो, दोघींचे दोन दिवसांचे पैसे द्या, आणि जाणाऱ्या मावशीकडून वहीची पहिली पानं परत एकदा बदलून घ्या, कारण तुम्ही लिहिलं होतं तेव्हापासून आईच्या सवयी बदलल्यात आणि त्या आता तुमच्यापेक्षा तिला जास्त माहितीयत.